शेवटचा घोट : अभ्यासिकेच्या फ्रिजसाठी बिनसाखरेची एनर्जी ड्रिंक्स (प्रकल्प नोंदी)

३१ मार्च २०२५, सोमवार

काल संध्याकाळी गुढी उतरवायला गच्चीत गेले तेव्हा टाकीमागे एक पोतं दिसलं. उघडलं तर सगळ्या रिकाम्या लाल बाटल्या, वीस रुपयांना मिळतात त्या. तिथेच बसून मोजल्या. ११८ भरल्या. भंगारवाला महिन्याच्या सुरुवातीला येऊन जातो, म्हणजे या एकट्या मार्चमधल्या. आमच्या अभ्यासिकेत खुर्च्या ३६ आणि रात्री बसणारी मुलं वीस-बावीस.

मी कुणाला बोलले नाही. परीक्षेच्या काळात रात्री दोन वाजताही खालचा दिवा चालू असतो, ते मी माझ्या खिडकीतून बघते. पण रात्री धुळ्याचा मुलगा स्वतःहून वर आला. "काकू, फ्रिजमध्ये शुगर-फ्री ठेवाल का? पैसे आम्ही डब्यात टाकत जाऊ. साखर तरी पोटात जाणार नाही." मी विचारलं, कुठलं ठेवू? तो म्हणाला, "ते तुम्हीच ठरवा."

आता ठरवायचं तर नीट ठरवायचं. सदाशिव पेठेत खोली, मेस आणि अभ्यासिका असे तीन खर्च भागवणाऱ्या मुलांचा एकेक रुपया गावाहून मोजून आलेला असतो. वीसच्या जागी सव्वाशेची वस्तू त्यांच्या हातात द्यायची, तर ती चवीला कशी आहे आणि दाम वसूल होतो का, हे मला माहीत असायला हवं. २६ वर्षं महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली. जिभेचं मोजमापही शिस्तीत करता येतं.

२ एप्रिल, बुधवार

खरेदी झाली. बिनसाखरेचे तीन प्रकार आणले आणि पहिल्याचं साखरवालं भावंडही आणलं, ते नसेल तर तुलना कशाशी करणार? नोंदीत नावं लिहिणार नाही. मुलांनाही सांगणार नाही, कारण नाव कळलं की जीभ आधीच मत देऊन मोकळी होते.

'अ' : २५० मिलीचा सडपातळ कॅन, छापील किंमत १२५ रुपये. गोडीला साखरेऐवजी अ‍ॅसपार्टेम आणि अ‍ॅसिसल्फेम पोटॅशियम, दोन्ही कृत्रिम गोडवे.
'ब' : ३५० मिली, तोही १२५ रुपये. सुक्रालोज आणि अ‍ॅसिसल्फेम. चव आंबटसर, लिंबूवर्गी.
'क' : २५० मिली, ६० रुपये. नुसतं सुक्रालोज, तोही कृत्रिम गोडवाच.

लेबलं भिंगाखाली वाचली. एक गोष्ट बघून थबकले. तिन्हींत कॅफीन सारखंच आहे, १०० मिलीला ३० मिलीग्रॅम. वीस रुपयांच्या लाल बाटलीवर २९ लिहिलंय. हा योगायोग नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत कॅफीनयुक्त पेयासाठी लिटरला किमान १४५ आणि कमाल ३०० मिलीग्रॅम अशी हद्द घातलेली आहे, आणि सगळे त्या वरच्या हद्दीला टेकून उभे आहेत. म्हणजे महागडं घेतलं म्हणून जाग जास्त येईल असं नाही. किमतीतला फरक चवीचा, कॅनचा आणि जाहिरातीचा. मग चव तरी त्या पैशांची आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

लेबलावर बारीक अक्षरांत हेही आहे : लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कॅफीन न सोसणारी माणसं यांच्यासाठी नाही, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. परभणीचा मुलगा रात्रीत दोन लाल बाटल्या संपवतो. म्हणजे तो बरोबर त्या रेषेवर आहे, आणि वर टपरीचा चहा वेगळा.

४ एप्रिल, शुक्रवार

स्वयंपाकघरातल्या काट्यावर न उघडलेले दोन कॅन ठेवले. साखरवाला २७२ ग्रॅम, बिनसाखरेचा 'अ' २६३ ग्रॅम. आकार तोच, पत्रा तोच, आणि नऊ ग्रॅमचा फरक. साखरवाल्यात साखर आहे २७.५ ग्रॅम. साखर विरघळली की पाण्यात जागाही अडवते, म्हणून सगळं वजन काट्यावर उतरत नाही. २७.५ ग्रॅम म्हणजे चहाचे साडेपाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास राहू द्या म्हणते. एका कॅनमध्ये तिची वाट लागते.

पण ही साखर फक्त गोड करत नाही. ती पेयाला अंग देते, पाकाला असतं तसं. ती काढून घेतली की पेय पातळ होतं. गोडवा परत आणता येतो, कारण अ‍ॅसपार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आणि सुक्रालोज सुमारे ६०० पट. चिमूटभरात काम भागतं. अंग मात्र चिमटीने परत येत नाही.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सकाळी सुंठवडा वाटला आणि दुपारी 'अ' आणि त्याच्या साखरवाल्या भावंडाची पहिली चाचणी घेतली. ती वाया गेली. का गेली ते लिहून ठेवते.

पद्धत त्रिकोणी चाचणीची. प्रत्येकापुढे तीन पेले, त्यातल्या दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. वेगळा पेला कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून १२ जणांत चार बरोबर आले तर त्याला काही अर्थ नाही. निदान आठ बरोबर आले तरच फरक खरोखर कळतोय असं धरतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या चहाच्या आठ कपांची गोष्ट मुलांना सांगितली. म्युरिएल ब्रिस्टल या बाईंचं म्हणणं होतं की आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. तेव्हा दोन्ही प्रकारचे चार-चार कप उलटसुलट क्रमाने त्यांच्यापुढे ठेवले. आठही नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. मुलांना गोष्ट आवडली, बुद्धिमापनात असलं गणित त्यांना रोजच असतं.

स्टीलचे पेले घेतले, कागदी कपाला स्वतःचा वास असतो. प्रत्येकात ४० मिली. पेल्यांना चिकटपट्टी लावून तीन आकडी क्रमांक घातले. मधल्यामध्ये तोंड धुवायला साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे.

निकाल १२ पैकी ११ बरोबर. मला पटेना. मग परभणीचा प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, मी चव घेतलीच नाही. पेल्याची कड बोटाला चिकटत होती त्यावरून सांगितलं." ओतताना मी साखरवालं काठावर सांडलं होतं. बाकीच्यांनीही कळत नकळत तेच केलं असणार, ओठाला कड लागतेच. चूक माझी. पुढच्या वेळी ओतायला नसराळं, आणि प्रत्येक पेल्याची कड ओल्या फडक्याने पुसायची.

७ एप्रिल, सोमवार

काल सांडलेले दोन थेंब गच्चीच्या कठड्यावर तसेच राहिले होते. सकाळी एकाभोवती मुंग्यांची गच्च कडी, मध्ये थेंब दिसतही नव्हता. दुसरा थेंब वाळून नुसता डाग उरला होता. एक मुंगी त्याच्यावरून सरळ चालत गेली, थांबलीसुद्धा नाही.

१३ एप्रिल, रविवार

चाचणी पुन्हा. 'अ' आणि त्याचं साखरवालं भावंड. या वेळी दोन फेऱ्या केल्या.

पहिली फेरी फ्रिजमधून काढल्या काढल्या, थर्मामीटरवर ५ अंश. १२ पैकी ६ बरोबर. म्हणजे फरक कळतो असं म्हणता येत नाही. धुळ्याचा खूश झाला. "बघा काकू, सेम आहे. शुगर-फ्रीच ठेवा."

दुसरी फेरी अर्ध्या तासाने, तीच पेयं २२ अंशांवर. १२ पैकी १०.

हा फरक मला इतका मोठा येईल असं वाटलं नव्हतं. गारव्याने जीभ बधिर होते, गोडवा कमी लागतो, हे आपण आइस्क्रीमवरून जाणतो. वितळलेलं आइस्क्रीम किती मिट्ट गोड लागतं! गार असताना दोन्ही पेयांत थंडपणा आणि बुडबुड्यांची चुणचुण एवढंच पुढे येतं. गारवा उतरला की मागचं सगळं उघडं पडतं. इस्लामपूरची मुलगी कृषीची पदवीधर आहे, बोलते कमी पण नेमकं बोलते. तिने कागदावर लिहिलं : "थंड असताना दोन्ही एकच. कोमट झाल्यावर एक सरबत, दुसरं औषधाच्या बाटलीत विसळलेलं पाणी. गोड आधी येत नाही, मागून येतं आणि जात नाही."

अगदी बरोबर पकडलंय तिने. साखरेचा गोडवा चटकन चढतो आणि चटकन उतरतो. अ‍ॅसपार्टेमचा उशिरा चढतो आणि रेंगाळतो. अ‍ॅसिसल्फेम आधी उडी मारतो आणि शेवटी कडवट होतो. म्हणून दोन्ही मिसळतात, एकाची खोट दुसऱ्याने झाकायला. गार असेपर्यंत झाकली जाते.

१५ एप्रिल, मंगळवार

आज वेगळी नोंद. चाचणीत आपण ४० मिली एका दमात पितो. अभ्यास करताना कुणी तसं पितं का? रात्री साडेदहा ते एक, मी स्वेटर विणायच्या निमित्ताने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि घड्याळ लावून पाहिलं. मुलांना सकाळी सांगितलं.

पाच जणांनी बाटली किंवा कॅन उघडला. सगळ्यात लवकर संपवला तो ३५ मिनिटांत. सगळ्यात उशीर लागला परभणीच्याला, एक तास चाळीस मिनिटं. तो दर पानाला एक घोट घेतो, बाटली पुस्तकाला टेकवून ठेवतो. आत एप्रिलचा उकाडा, पंखा फिरतोय, बाटलीला सुटलेल्या पाण्याचं गोल वर्तुळ नकाशाच्या पुस्तकावर उमटलंय. शेवटचा घोट घेतला तेव्हा पेय खोलीइतकंच गरम होतं.

म्हणजे दुकानात, जाहिरातीत आणि माझ्या पहिल्या फेरीत आपण पहिला घोट जोखत होतो. इथे प्यायला जातो तो मुख्यतः दुसरा अर्धा भाग. यापुढे गुण दोन द्यायचे : पहिल्या घोटाला आणि शेवटच्या घोटाला.

१७ एप्रिल, गुरुवार

'अ'चे सहा आणि 'क'चे सहा कॅन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले. तेवढेच फ्रिजमध्ये. महिनाभराने बघू. दुपारी तीन वाजता खोलीतला पारा ४७. कारण हे की गल्लीतल्या दुकानांपुढे कॅनचे ट्रे उन्हात पडलेले मी रोज बघते.

२० एप्रिल, रविवार

नऊ गुणांची पट्टी, १ म्हणजे अजिबात नको, ९ म्हणजे फार आवडलं. पहिला घोट ५ अंशांवर, शेवटचा तासभर टेबलावर ठेवून. १२ जणांची सरासरी :

'अ' : ७, मग ४.
'ब' : ६.५, मग ६.
'क' : ६, मग ३.५.

'ब' का टिकला यावर बरीच चर्चा झाली. माझं मत असं की तो कुणाची नक्कल करत नाही. 'अ' आपल्या साखरवाल्या भावंडासारखा लागायचा प्रयत्न करतो, म्हणून अंग नाही हे लगेच जाणवतं. 'ब' आंबट आणि हलका आहे, लिंबूपाण्याकडे झुकणारा. लिंबूपाणी पातळ असतं म्हणून कुणी तक्रार करत नाही. 'क'चा गोडवा जिभेवरून हलतच नाही. धुळ्याच्याने घड्याळ लावलं, गिळल्यावर दोन मिनिटं दहा सेकंदांनीही त्याला गोड लागत होतं.

पण एक गोष्ट खटकली. 'अ'च्या कडवटपणावर १२ जणांचे दोन तट पडले. पाच जणांना शेवटी स्पष्ट कडू लागलं, बाकीच्यांना मुळीच नाही. धुळ्याचा म्हणतो, "तुम्ही सगळे उगाच सांगताय." इस्लामपूरची तोंड वाकडं करून पाणी पिते. दोघंही खरं बोलताहेत. कडू ओळखणारी जी ग्राहकं, म्हणजे चव टिपणारी प्रथिनं, जिभेवर असतात त्यातली काही अ‍ॅसिसल्फेमला प्रतिसाद देतात, आणि ती कशी घडलीत हे जन्मजात असतं, माणसागणिक वेगळं. हीच ग्राहकं सॅकरीनलाही प्रतिसाद देतात. म्हणून औषधाच्या दुकानातून सॅकरीनच्या गोळ्या आणल्या, एक गोळी पाण्यात विरघळवून सगळ्यांना चमचाभर दिली. ज्या पाच जणांना 'अ' कडू लागला होता, त्यातल्या चौघांना हेही कडू लागलं. उरलेल्या सातांतल्या एकालाच.

मलाही कडू लागलं. लहानपणी शाळेसमोर बर्फाचा गोळा मिळायचा, त्याचा लाल रंग चोखून संपला की मागे जी चव उरायची तीच ही. मैत्रिणींना ती कधी कळायची नाही, मी मात्र गोळा अर्धा टाकून द्यायचे आणि आई म्हणायची नखरे करते. १८७९ साली सापडलेलं सॅकरीन आणि आजचा कॅन यांच्यात माझ्या जिभेला नातं दिसतंय.

मुलांना सांगितलं, घरी एकदा हा सॅकरीनचा चमचा चाखा. कडू लागला तर अ‍ॅसिसल्फेमवर १२५ रुपये घालवण्याआधी विचार करा.

२३ एप्रिल, बुधवार

लातूरच्या मुलाने विचारलं, "काकू, पण ही चव आहे कशाची?" फार चांगला प्रश्न. आंब्याचं पेय आंब्याशी ताडून बघता येतं. हे कुठल्या फळाशी ताडायचं? कुणी म्हणालं लिमलेटची गोळी, कुणी बबलगम, कुणी खोकल्याचं औषध. खोकल्याच्या औषधाच्या फार जवळ आहे ते. ही चव मुळात थायलंडमधल्या टॉनिकची. तिथे चालियो यूविध्या यांनी क्राटिंग देंग नावाचं बिनबुडबुड्यांचं गोड टॉनिक बनवलं, ते ट्रकचालक आणि मजूर पीत. ऑस्ट्रियाच्या डीट्रिच मातेशित्झ यांनी त्याच्यावरून बुडबुडेवालं रेड बुल काढलं आणि १९८७ मध्ये ऑस्ट्रियात विकायला आणलं. आज जगभर जिला 'एनर्जी ड्रिंकची चव' म्हणतात ती बरीचशी तिथून आली. म्हणजे जागरण करून राबणाऱ्या माणसांचं औषधी सरबत. आमच्या खालच्या खोलीत ते पोचलं यात नवल नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज पैशांचा हिशोब. सगळ्यांत कॅफीन जवळपास सारखंच असल्याने १०० मिलीग्रॅम कॅफीनला किती रुपये पडतात ते काढलं.

'अ' १६७ रुपये. 'ब' ११९. 'क' ८०. लाल बाटली २८. आणि घरची बिनसाखरेची इन्स्टंट कॉफी? दोन ग्रॅम पूड, चिकोरी नसलेली, साधारण ६० मिलीग्रॅम कॅफीन, मला ती दहा रुपयांना पडते. म्हणजे १७ रुपये.

आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा खोली गप्प झाली. परभणीचा म्हणाला, "म्हणजे काकू, आमची बाटलीच बरी." त्याचं म्हणणं मी टाळलं नाही. पैशांपुरतं पाहिलं तर सव्वाशेच्या कॅनपेक्षा ती बरी आहेच. पण बिनसाखरेच्या कॅनची बरोबरी साखरेच्या बाटलीशी लावणंच मला चुकीचं वाटतं. ज्याला साखर नको आहे त्याच्यापुढे कोरा चहा आहे, काळी कॉफी आहे. बिनसाखरेच्या कॅनने आपला भाव त्यांच्यापुढे सिद्ध करायला हवा. तिथे तो पाच ते दहापट महाग ठरतो, आणि त्या जादा पैशांत मिळतं काय, तर गारवा, बुडबुडे आणि वेळ. रात्री एक वाजता गॅस पेटवायची गरज नाही. उकाड्यात गरम कॉफी घशाखाली उतरत नाही हेही खरं. त्याची किंमत शून्य नाही, पण शंभर रुपयेही नाही.

झोपेचाही हिशोब सांगितला. कॅफीन अंगातून अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला प्यायलेल्याचं निम्मं पहाटे चारला शिल्लक असतं. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये ठरवलं. मुलांनी आपापला दिवस मांडला. परभणीच्याचा आकडा चहा धरून २९० निघाला.

४ मे, रविवार

इस्लामपूरच्या मुलीच्या वडिलांचा फोन. "ताई, त्या शुगर-फ्रीने कॅन्सर होतो म्हणतात, तुम्ही मुलींना पाजताय?" त्यांची काळजी रास्त. जे छापून आलंय ते सांगितलं. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅसपार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं, पुरावा मर्यादित आहे असं सांगून. त्याच वेळी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने वजनाच्या दर किलोला दिवसाला ४० मिलीग्रॅमची मर्यादा आहे तशीच ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. आमच्याकडे त्याआधी कॅफीनची हद्द ओलांडली जाईल. "एक कॅन, तोही रोज नाही, आणि मी वहीत लिहिते," म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

११ मे, रविवार

लातूरचा मुलगा नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे. आजवर चाचणीत गुण देताना तो सगळ्यांना सात-आठ द्यायचा, म्हणून मी त्याला बाजूला बसवून विचारलं, खरंच इतकं आवडतं का? तो म्हणाला, "काकू, बारा वर्षं झाली, मित्र थंड पितात तेव्हा मी पाणी पितो. हे मला पिता येतं. चव काय, चांगलीच लागणार."

मी माझ्या हिशोबाचं पान पुन्हा उघडलं. रुपये भागिले मिलीग्रॅम या गणितात त्याचं हे बसत नाही. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन ताब्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेची गोडी वापरू नका असा सल्ला दिला, पण ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही असंही म्हटलं. त्याने आपल्या डॉक्टरांना विचारलंय, कॅफीनने साखर थोडी हलू शकते म्हणून प्यायल्यावर तपासायला सांगितलंय. तो तपासतो आणि वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहितो. पितो 'अ', आणि दहा मिनिटांत संपवतो. त्याच्यासाठी शेवटचा घोटही गारच असतो.

१८ मे, रविवार

पत्र्याच्या खोलीतले कॅन परवाच काढले होते. एकाचा तळ किंचित फुगला होता, तो न उघडता टाकून दिला. बाकीचे दोन दिवस फ्रिजमध्ये गार केले. त्रिकोणी चाचणी, उन्हातला विरुद्ध फ्रिजमधला, दोन्ही ५ अंशांवर.

'अ' : १२ पैकी ९ बरोबर. गार असूनसुद्धा! उन्हातल्याचा गोडवा उतरलेला, आंबट आणि कडवट वर आलेलं. 'क' : १२ पैकी ५, म्हणजे फरक नाही.

याचं कारण मला आधीच माहीत होतं, पण जिभेवर पहिल्यांदाच आलं. अ‍ॅसपार्टेम आम्लात आणि उष्णतेत हळूहळू तुटतं, आणि तुटलं की गोड राहत नाही. सुक्रालोज तग धरतं. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' ही ओळ 'अ'च्या बाबतीत चवीची अट आहे. यापुढे 'अ' घेताना उन्हातल्या ट्रेमधला घ्यायचा नाही आणि बनवल्याची तारीख बघायची. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एप्रिल ते जून १२५ रुपये देऊन निम्मी चव विकत घेणारे कितीतरी असतील.

२५ मे, रविवार

पाऊस लवकर आला, दिवसभर झड. अभ्यासिकेतला उकाडा गेला तरी 'अ'चे गुण सुधारायची एक युक्ती आठवडाभर करून पाहिली. कॅन उघडला की अर्धा स्टीलच्या पेल्यात ओतायचा, उरलेल्या अर्ध्यावर वाटी पालथी घालून, नावाची पट्टी लावून फ्रिजमध्ये परत. पेला संपला की बाकीचा. बुडबुडे थोडे बसतात. तरी शेवटच्या घोटाची सरासरी ४ वरून ६ वर आली. 'ब'च्या बरोबरीला.

१ जून, रविवार

ठरलं. फ्रिजमध्ये 'ब'चे १२ आणि 'अ'चे ६ कॅन. 'क' नाही, स्वस्त असला तरी. रात्रीला माणशी एकच, वहीत सही करून. सोबत पाच लिटरचा नळाचा थर्मास, काळी कॉफी, पेल्याला आठ रुपये, साखर बाजूला डब्यात. गार हवी असेल त्यांच्यासाठी त्याच कॉफीचा एक जग फ्रिजमध्ये.

शेजारी शाळा आहे. शाळांच्या ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी घालण्याची घोषणा गेल्या जुलैत अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्र्यांनी विधान परिषदेत केली होती. आम्ही दुकान नाही. तरी कॅन खालच्या कप्प्यात, काचेतून दिसणार नाहीत असे. शिकवणीला येणारी आठवी-नववीची मुलं पाणी प्यायला इथेच येतात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कालपासून जीएसटीचे नवे दर. पहाटेपासून मुलं विचारताहेत, "काकू, आता कॅन स्वस्त?" नाही. २०१९ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या बैठकीत कॅफीनयुक्त पेयांवर २८ टक्के आणि वर १२ टक्के उपकर लावला होता, तो आता सरळ ४० टक्के झालाय. बेरीज तीच. १२५ रुपयांच्या कॅनमध्ये ३५ रुपये ७१ पैसे कर. आणि साखर असो वा नसो, दर एकच. इंग्लंडमध्ये २०१८ पासून कर साखरेवर आहे, १०० मिलीला पाच ग्रॅमच्या आत साखर असेल तर तो लागत नाही. लातूरच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ कॅनच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसला.

कॉफीचा थर्मास आता रात्री बाराच्या आत रिकामा होतो. दुसरा आणला. परभणीचा पुस्तकाला टेकवून पेला ठेवतो, आणि मी त्याच्या नकाशाच्या पुस्तकाखाली एक जुनी ताटली सरकवली आहे.